'स्टॅम्पीड' हे क्रियापद मराठीत कसं आणावं? सिंहस्थाच्या सूचनापत्रकासाठी मदत हवी आहे

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी,

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. इंदूरहून उज्जैन साधारण ५५ किलोमीटर. महाराष्ट्रातून येणारे पुष्कळ भाविक आधी इंदूरला उतरतात, नातेवाइकांकडे एखादी रात्र काढतात आणि मग पुढे जातात. त्यांच्यासाठी आमच्या भागातली काही मराठी कुटुंबं मिळून एक पानी सूचनापत्रक तयार करत आहोत. त्यासाठी गर्दीविषयीचा एक इंग्रजी मजकूर समोर ठेवला आहे. त्यात 'स्टॅम्पीड' हा शब्द कधी नाम म्हणून, कधी क्रियापद म्हणून पुन्हा पुन्हा येतो. नाम आलं की हात आपोआप 'चेंगराचेंगरी'कडे जातो. क्रियापद आलं की अडायला होतं.

वाक्य असं आहे: 'पिलग्रिम्स मस्ट नॉट स्टॅम्पीड टुवर्ड्स द घाट.' आमच्याकडच्या हिंदीत याचं सरळ 'भगदड़ न मचाएँ' होतं. मराठीसाठी आमच्यात तीन पर्याय निघाले. 'भाविकांनी चेंगराचेंगरी करू नये', 'भाविकांनी पळापळ करू नये' आणि 'भाविकांनी घाटाकडे धाव घेऊ नये'. पहिला मला मुळीच पटत नाही. चेंगराचेंगरी होते, ती कुणी करत नाही. उरलेले दोन वाचायला बरे वाटतात, पण माणसं खरोखर धावल्यामुळे दगावतात का, याबद्दल मनात शंका आहे.

१९९६ च्या सोमवती अमावास्येला उज्जैनच्या महाकाल मंदिरात गर्दीत चेंगरून माणसं गेली, त्याच्या आठवणी इंदूर-उज्जैनच्या घरांतून अजून निघतात. पत्रक वाचून माणसं प्रत्यक्ष काही करणार आहेत, म्हणून शब्द नेमका हवा. इंग्रजीत हे क्रियापद कशाकशासाठी वापरतात आणि त्यातलं आपल्याला काय हवं आहे, यावर जाणकारांनी लिहावं ही विनंती.

शब्दवेल, पुणे

चांगला धागा. आधी इंग्रजीची बाजू मांडते.

हा शब्द इंग्रजीच्या घरचा नाही. स्पॅनिशमध्ये 'एस्तांपिदा' म्हणजे धडाका, गलबला. मेक्सिकोतल्या गुराख्यांनी तो बिथरून सुटलेल्या गुरांसाठी वापरला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो अमेरिकन इंग्रजीत आला. कळप रात्री बसलेला असतो, वीज कडाडते आणि शेकडो जनावरं एकदम उठून सैरावैरा सुटतात. मूळ चित्र हे.

क्रियापद म्हणून ते अकर्मकही आहे आणि सकर्मकही. गुरं 'स्टॅम्पीड' होतात. आणि चोर किंवा मेघगर्जना गुरांना 'स्टॅम्पीड' करते. पुढे ते माणसांना लागलं तेव्हा अर्थाला फाटे फुटले. १८९६ नंतर कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि सुमारे लाखभर लोक तिकडे निघाले. त्यांना 'स्टॅम्पीडर' म्हणत. तिथे कुणी कुणाला तुडवलं नव्हतं, सगळे एकाच दिशेला निघाले होते एवढंच. कॅलगरी शहरात १९१२ पासून गुराख्यांच्या खेळांचा मोठा उत्सव होतो, त्याचं नावच 'स्टॅम्पीड'. अमेरिकी राजकारणात अधिवेशनाला 'स्टॅम्पीड' करणं म्हणजे हवा निर्माण करून प्रतिनिधींना आपल्या उमेदवाराकडे वळवणं. आणि रोजच्या इंग्रजीत एखाद्याला निर्णयात 'स्टॅम्पीड' करणं म्हणजे विचाराला उसंत न देता भाग पाडणं.

मराठीत या सगळ्यांना एक शब्द पुरणार नाही, आणि तसा हट्टही नको. सोन्यामागे 'लोंढा लोटला'. दुकानात सवलत लागली तर 'झुंबड उडाली'. निर्णयाच्या बाबतीत 'घाई करून गळी उतरवलं'. तुमच्या वाक्यात मात्र या सगळ्यांहून वेगळी, जिवावरची गोष्ट आहे.

माणदेशी

गुरांसाठी शब्द शोधायची गरज नाही, तो आहेच. उधळणे. बैल उधळला, घोडं उधळलं, जत्रेत गाडीची बैलं उधळली. शब्दवेल ताईंनी कळपाचं जे वर्णन केलं ते वाचताना माझ्या तोंडात दुसरा शब्दच आला नाही.

पण एक सांगतो. जनावर उधळतं ते मोकळं रान दिसतं म्हणून. समोर भिंत असेल, गोठ्याचं दार बंद असेल, तर ते उधळत नाही, जागच्या जागी थयथयाट करतं. उधळायला जागा लागते. आमच्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत, जवळजवळ तीनशे माणसं गेली. मंदिराकडे जाणारी वाट अरुंद, पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडून निसरडं झालेलं, दोन्ही बाजूंना दुकानं, पुढे दुकानांना आग. तिथं धावायला जागा कुठं होती? माणसं घसरली, पडली, त्यांच्यावर मागची पडली. 'उधळली' म्हणायची सोयच नाही.

स्थापत्य, नाशिक

माणदेशींनी जे जनावरांवरून सांगितलं, तेच गर्दीचा अभ्यास करणारे हिशेबानं सांगतात. मी बांधकामाच्या क्षेत्रातला. २७ ऑगस्ट २००३ ला आमच्या कुंभात ३९ जण गेले, त्यानंतर या विषयाचं जे मिळेल ते वाचत आलो आहे. थोडं विस्तारानं लिहितो, कारण रामबागकरांची शंका अगदी योग्य जागी आहे.

जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं १९९३ मध्ये अशा दुर्घटनांची कारणं मांडली. त्याचं निरीक्षण असं की एका चौरस मीटरमध्ये साधारण सात माणसं झाली की गर्दी माणसांची राहत नाही, ती द्रवासारखी वागू लागते. एका टोकाला बसलेला हिसका लाटेसारखा पुढे जातो. उभी माणसं तीन-तीन मीटर ढकलली जातात, पाय जमिनीवरून सुटतात, चपला-बूट मागे राहतात. लोखंडी कठडे वाकलेले सापडतात. मृत्यू येतो तो बहुतेकदा तुडवल्यानं नाही, गुदमरून. छातीवर चारही बाजूंनी इतका दाब येतो की श्वास आत घ्यायला बरगड्या फुलतच नाहीत. माणूस उभ्या-उभ्या जातो, कारण पडायलाही जागा नसते.

दक्षिण कोरियात सोलच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ ला एका उतरत्या गल्लीत दीडशेहून जास्त तरुण मुलंमुली गेली. गल्लीची रुंदी सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन-सव्वातीन मीटर. धावणं तिथे शक्यच नव्हतं. रात्री सव्वादहाच्या सुमाराला ते घडलं आणि पोलिसांना संध्याकाळी साडेसहापासून फोन जात होते की इथे माणसं चेंगरतील.

आता घाटाकडे येऊ. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी एक मार्गदर्शिका वापरतात. तिच्यानुसार सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जाऊ शकतात आणि पायऱ्यांवरून ६६. तीन मीटर रुंदीची गल्ली धरा. सपाटीवर मिनिटाला २४६ माणसं येतात. पुढे तेवढ्याच रुंदीच्या पायऱ्या लागल्या की १९८ च जातात. दर मिनिटाला ४८ माणसं पायऱ्यांच्या तोंडाशी साठत राहतात. दहा मिनिटांत ४८०. कुणी धावलेलं नाही, कुणी घाई केलेली नाही, सगळे शिस्तीत चालत आहेत आणि तरीही दाब वाढत चालला आहे. प्रत्येक घाटाला पायऱ्या असतात, हे लक्षात घ्या.

म्हणून 'धावू नका', 'पळापळ करू नका' या सूचनेनं माणसाला वाटेल की मी तर धावत नाही, म्हणजे मी सुरक्षित आहे. ही समजूतच घातक आहे.

लष्करवासी, ग्वाल्हेर

नाशिककरांनी फार महत्त्वाचं लिहिलं. आमच्या बाजूचं उदाहरण देतो, कारण त्यात पळणंही आहे आणि चेंगरणंही, आणि दोन्हींचा क्रम समजून घ्यायला हवा.

दतिया जिल्ह्यात सिंध नदीकाठी रतनगढ मातेचं मंदिर आहे. ग्वाल्हेरहून नवरात्रात हजारो लोक जातात, आपली मराठी मंडळीही जातात. २००६ मध्ये तिथे नदी ओलांडताना धरणाचं पाणी आलं आणि भाविक वाहून गेले. नंतर पूल झाला. १३ ऑक्टोबर २०१३ ला, नवमीच्या दिवशी, त्याच पुलावर ११५ माणसं गेली. पूल तुटतोय अशी आवई उठली, असं सगळीकडे छापून आलं. पोलिसांनी लाठ्या चालवल्याचंही तेव्हा लोक सांगत होते.

आता बघा. हिंदीत ते 'रतनगढ़ भगदड़' म्हणून नोंदलं गेलं. भगदड या शब्दात भाग, म्हणजे पळ, आधीच येऊन बसला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतं की लोक घाबरले, पळाले, एकमेकांना तुडवून गेले. आवई उठली तेव्हा पूल माणसांनी आधीच गच्च भरलेला होता. तो तसा भरू कुणी दिला, एका वेळी किती माणसं सोडायची हे कुणी ठरवलं होतं, दोन्ही टोकांना वाट मोकळी कुणी ठेवायची होती, हे प्रश्न त्या एका शब्दापुढे लोप पावतात. रिकाम्या पुलावर हजार आवया उठल्या तरी कुणी मरत नाही.

मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर २३ जण गेले, तिथेही 'फूल गिर गया' हे 'पूल गिर गया' असं ऐकलं गेल्याची बातमी आली होती. लोकांच्या तोंडी तो किस्साच राहिला. पाऊस लागला म्हणून माणसं जिन्यात थांबलेली, मागून गाड्यांतून उतरलेल्यांचा लोंढा येतच राहिला आणि पूल त्या गर्दीला वर्षानुवर्षं अपुरा पडत होता, हे मागे पडलं.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या पत्रकात 'भगदड'ची मराठी छाया नको.

रात्रपाळी

मी वृत्तपत्राच्या कार्यालयात उपसंपादकाचं काम करतो. अशी बातमी बहुधा उशिरा येते, इंग्रजीतून किंवा हिंदीतून येते आणि पान सुटायला वीस मिनिटं असतात. 'चेंगराचेंगरीत अमुक ठार' हा मथळा त्या घाईत तयार होतो आणि माझ्या मते तो वाईट नाही. इंग्रजी शब्दात पळणं आहे, हिंदीत पळणं आहे, मराठीत मात्र शरीराचं काय झालं तेच सांगितलं आहे. पहिल्या तासात कारण ठाऊक नसतं. चेंगरून मेले एवढं ठाऊक असतं. तेवढंच लिहिणारा शब्द आपल्याकडे आहे.

इंग्रजीतही आता या विषयाचे अभ्यासक 'स्टॅम्पीड' टाळून 'क्रश' म्हणा असा आग्रह धरतात. आपल्याकडे त्याच अर्थाचा 'चेंगराचेंगरी' हा शब्द आधीपासून रूढ आहे.

शब्दवेल, पुणे

रात्रपाळी, सहमत आहे, पण एक शंका स्वतःच काढते. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, या घडणीचे शब्द परस्परांशी केलेली क्रिया सांगतात. मी तुला मारलं, तू मला मारलंस. त्या न्यायानं चेंगराचेंगरी म्हणजे लोकांनी एकमेकांना चेंगरलं, असा अर्थ निघतो. मग दोष पुन्हा गर्दीच्याच माथी.

यावर विचार करताना दुसरा गट आठवला. रडारड, पडापड, पळापळ, धावाधाव. रडारडीत कुणी कुणाला रडवत नाही. पुष्कळ माणसं एकाच वेळी रडतात. चेंगराचेंगरी मी या दुसऱ्या गटात घालीन, कारण मुळात 'चेंगरणे' हे अकर्मकही आहे. 'बोट दारात चेंगरलं.' बोटानं काही केलेलं नाही. 'माणसं चेंगरली' या वाक्यात माणसं कर्ता असूनही त्यांच्यावर ठपका येत नाही. इंग्रजीत 'द क्राउड स्टॅम्पीडेड' म्हटलं की गर्दीनं काहीतरी केलं असंच ऐकू येतं.

म्हणून माझी शिफारस अशी की घटनेसाठी 'चेंगराचेंगरी' ठेवा, पण शक्य तिथे क्रियापदच वापरा. 'गर्दीत चेंगरून'.

ऑरेंज सिटी

नागपूरकर म्हणून एक गोष्ट इथे नोंदवणं मला आवश्यक वाटतं. २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचं अधिवेशन चालू, आदिवासी गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या चौकाशी अडवलेला. लाठीमार झाला आणि ११४ गोवारी गेले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. वृत्तपत्रांनी चेंगराचेंगरी लिहिलं. समाज त्यांना शहीद म्हणतो, घटनेला हत्याकांड म्हणतो. शहरात त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे.

तेव्हा 'चेंगराचेंगरी' हा शब्दसुद्धा सगळीकडे निर्दोष आहे असं समजू नका. माणसं कशी गेली ते तो सांगतो, कुणामुळे गेली ते सांगत नाही. ते वाक्य वेगळं लिहावं लागतं.

स्थापत्य, नाशिक

ऑरेंज सिटी, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. इंग्लंडमध्येही हेच झालं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉलचे प्रेक्षक कठड्यांपाशी चेंगरले, मृतांचा आकडा शेवटी ९७ झाला. दारू प्यालेल्या प्रेक्षकांनी घुसखोरी केली, अशी हाकाटी तेव्हा झाली. घरच्यांनी सत्तावीस वर्षं लढा दिला आणि २०१६ मध्ये चौकशीतल्या ज्यूरीनं सांगितलं की प्रेक्षकांचा दोष नव्हता, ते बेकायदेशीररीत्या मारले गेले. सत्तावीस वर्षं लोकांच्या मनात बसलं होतं ते 'गर्दी उधळली' हेच चित्र.

मांडवीजवळ, बडोदे

बडोद्याहून थोडी भर. इथे गुजरातीत दोन शब्द चालतात, 'नासभाग' आणि 'धक्कामुक्की'. नासभागमध्ये पळणं, धक्कामुक्कीत ढकलणं. जानेवारी २०१७ मध्ये एक नट सिनेमाच्या प्रचारासाठी रेल्वेनं आमच्या स्टेशनवर आले, फलाटावर तुफान गर्दी झाली आणि एक माणूस गेला. घरी आई मराठीत विचारत होती, 'चेंगरला का?' आणि शेजारी गुजरातीत सांगत होते, 'नासभाग थई.' फलाटावरून कोण कुठे नासणार होतं?

रामबागकर, एक व्यावहारिक सूचना. पत्रकात 'रेटा' हा शब्द जरूर घ्या. मागून रेटा आला, रेटा वाढला. नाशिककरांनी दाबाबद्दल जे लिहिलं ते सगळं या दोन अक्षरांत आहे आणि खेड्यातल्या आजीलाही तो शब्द समजतो.

माणदेशी

रेटा! हाच. 'मागून रेटू नका' हे वाक्य लिहा. 'स्टॅम्पीड करू नका'चं मराठी तेच.

टाळकरी

वारीत बरीच वर्षं चालतो, म्हणून लिहितो. लाखो माणसं अरुंद रस्त्यानं चालतात आणि घाट चढतात. ते जमतं कारण गर्दी सुट्या माणसांची नसते. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीत पताकावाले, टाळकरी, विणेकरी, तुळस घेतलेल्या बाया. दोन दिंड्यांत अंतर असतं. पुढची थांबली की मागच्या विणेकऱ्याला दिसतं आणि तो थांबतो. चोपदारानं चोप उंचावला की हजारो माणसं गप्प होतात. निरोप पुढून मागे पोचतो.

सिंहस्थाच्या गर्दीत नेमकं हेच नसतं. पुढे काय झालं हे मागच्याला कळत नाही, म्हणून तो चालत राहतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं. तो देवाच्या ओढीनं चाललेला असतो. तुमच्या पत्रकातली सूचना पुढच्यापेक्षा मागच्या माणसाला उद्देशून लिहा.

स्थापत्य, नाशिक

टाळकरी, हे फार मोलाचं. फ्रुइननं सांगितलेल्या चार कारणांत एक आहे रेटा, एक जागा, एक वेळ आणि एक माहिती. पुढची माहिती मागे न पोचणं हे त्यांतलं मोठं कारण. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनावर मार्गदर्शिका काढली. नियोजन, वाटा, रोखण्याच्या जागा, घोषणा, ही आयोजकांची आणि प्रशासनाची जबाबदारी आहे, भाविकाची नाही. हजला मक्केजवळच्या मिनामध्ये २००६ साली जमरातच्या पुलाशी मोठी दुर्घटना झाली, त्यानंतर तो पाडून अनेक मजली पूल बांधला आणि येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. 'धावू नका' अशा पाट्या वाढवून ते काम झालं नसतं.

भाविकाला सांगण्याजोगं थोडंच आहे, पण ते जीव वाचवणारं आहे. हात छातीपुढे घेऊन श्वासापुरती जागा राखणं. पडलेली वस्तू उचलायला न वाकणं. रेट्याच्या उलट जोर न लावणं. एक लाट येऊन गेली की जरा सैल पडतं, तेवढ्यात तिरकं सरकत कडेला येणं, पण भिंतीला किंवा कठड्याला चिकटून न राहणं. ओरडण्यात श्वास न घालवणं. खाली पडलाच तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेणं, डोकं हातांनी झाकणं आणि संधी मिळताच उठणं.

रामबागकर, इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही बसलो आणि धागा मोठ्यानं वाचला. आमच्यात एक काका आहेत, त्यांनी अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांक्या (चित्ररथ) आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) राजवाड्याजवळ वर्षानुवर्षं पाहिली आहे. त्यांचं म्हणणं असं की गल्लीच्या तोंडाशी उभं राहू नका हे वाक्य हवंच, कारण मुख्य रस्त्यावरचा रेटा तिथेच आत वळतो. ते घेतलं.

'स्टॅम्पीड' हे क्रियापद मजकुरातून काढलं. ते जिथे जिथे होतं तिथे नेमकं काय घडतं ते बघितलं आणि तेवढंच लिहिलं. कच्चा मसुदा असा:

*घाटाकडे जाताना पुढचे थांबले की तुम्हीही थांबा. मागून रेटू नका. तुमचा हलका धक्का पुढे पोचेपर्यंत मोठा होतो.*

*पुढे काय झालं ते तुम्हाला दिसत नसलं तरी मागच्यांना 'थांबा, मागे सरका' असं सांगा. हात वर करून खूण करा. निरोप मागेपर्यंत जाऊ द्या.*

*दोन्ही खांदे अनोळखी माणसांना टेकू लागले की गर्दी वाढली असं समजा आणि तिथूनच कडेला निघा. हात हलवता येईनासे झाल्यावर निघणं अवघड असतं.*

*पायऱ्यांच्या, पुलाच्या आणि गल्लीच्या तोंडाशी थांबू नका. कुणाची वाट पाहायची असेल तर मोकळ्या जागी पाहा.*

*गर्दीत अडकलात तर हात छातीपुढे घ्या. खाली वाकू नका. रेट्याला विरोध करू नका. तो सैल पडला की तिरकं सरकत बाहेर या.*

*गर्दीत माणूस चेंगरतो तो श्वास कोंडून. पडलेल्याला आधी उभं करा, त्याच्या भोवती जागा करा.*

आणि शेवटी, लष्करवासी आणि ऑरेंज सिटी यांच्या सांगण्यावरून, एक वेगळी ओळ प्रशासनाला पाठवायच्या पत्रात घातली आहे: 'भाविकांनी काय करू नये याच्या पाट्यांसोबत प्रत्येक घाटावर एका वेळी किती माणसं सोडली जातील आणि ती कोण मोजेल, हेही जाहीर करावं.'

शब्दवेल, पुणे

उत्तम. एकच बदल सुचवते. 'रेट्याला विरोध करू नका' हे जरा पुस्तकी वाटतं. 'रेट्याच्या उलट जोर लावू नका' लिहा, नाशिककरांनी लिहिलं तसं.

लष्करवासी, ग्वाल्हेर

मसुदा घेतो आहे. रतनगढला जाणाऱ्या आमच्याकडच्या लोकांसाठी हिंदीत करून वाटीन. तिथेही 'भगदड़ न मचाएँ' लिहिणार नाही. 'आगे वाले रुकें तो रुक जाएँ, पीछे से धक्का न दें' असं लिहितो.

रामबागकर, इंदूर

शब्दवेल, बदल केला. लष्करवासी काका, तुमची हिंदी ओळ आम्हीही घेतो. पत्रकाच्या मागच्या बाजूला हिंदी मजकूर असणार आहे. नाशिकच्या मंडळींना हवा असेल तर मराठी मजकूर तसाच वापरा, त्यांच्याकडे तर कुंभ आमच्या आधी आहे.